एक धागा, बत्तीस घरे



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले, तेव्हा मी कामगार-चळवळीवर बोलावे अशी त्यांची साहजिकच अपेक्षा होती. मी विषय कळविला तो प्रकाशतंतूच्या जाळ्यातील पाळीच्या नियमांचा. चिटणीसांनी माझे पत्र दोनदा वाचले असणार. 'हा इंजिनियरांचा विषय, तुम्ही कशाला घेता?' असे एका स्नेह्याने मला विचारलेही. त्याला मी सांगितले ते आपल्यालाही सांगतो. मी इंजिनियर नव्हे. माझे शालेय शिक्षण आठवीपाशी थांबले. पुढचे सारे वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. पण वस्तू एक आणि मागणारे पुष्कळ असले म्हणजे वाटणी कशी करावी, याच प्रश्नात माझी तीस वर्षे गेली आहेत. आणि प्रकाशतंतूच्या जाळ्याचा मूळ प्रश्न नेमका हाच आहे.

निमित्त घडले ते असे. आमच्या वाडीतली काही मंडळी एकदा तक्रार घेऊन आली. घरोघर फायबरचे इंटरनेट आले होते. सकाळी ते उत्तम चाले. रात्री नऊच्या सुमारास पडद्यावर नुसते चाक फिरत राही. कंपनीचा माणूस आला, पेटीकडे पाहिले आणि म्हणाला, "सगळे एकदम वापरतात हो. लाइनच तशी आहे." हे वाक्य कानी पडताच मी सावध झालो. पगारवाढीची मागणी केली की 'बाजारच तसा आहे' हे उत्तर मी किती वेळा ऐकले आहे! जे माणसांनी ठरविलेले असते ते निसर्गाच्या माथी मारण्याची ही जुनी रीत आहे. तेव्हा यात निसर्गाचे किती आणि माणसाचे किती, हे पाहावे म्हणून मी पुस्तके आणली. त्या वाचनाचा हिशेब आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम धाग्याविषयी दोन शब्द. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाशाच्या रूपाने संदेश दूरवर नेता येतील, हे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली एका निबंधात दाखवून दिले. काओ यांना त्याबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज वापरात असलेला हा काचेचा धागा सुमारे १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे जवळजवळ केसाएवढा असतो. त्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एक किलोमीटर ओलांडावयास त्याला ५ मायक्रोसेकंद लागतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. हा आकडा कृपा करून लक्षात ठेवा. इतक्या वेगापुढे अंतराला काय किंमत, असे आपल्याला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण पुढची सारी कथा या ५ मायक्रोसेकंदांचीच आहे.

आता पाळीचा प्रश्न. एका सभेत सगळेच एकदम बोलू लागले तर कोणाचेच ऐकू येत नाही. एका तारेवर, एका आकाशलहरीवर किंवा एका तंतूवर अनेक यंत्रे जोडली की तोच गोंधळ होतो. दोन संदेश एकमेकांवर आदळतात आणि दोन्ही वाया जातात. म्हणून कोणी केव्हा बोलावे याचे नियम लागतात. शास्त्रज्ञ यालाच माध्यमप्रवेशाचे नियंत्रण म्हणतात.

यातला पहिला धाडसी प्रयोग १९७१ साली हवाई विद्यापीठात झाला. बेटाबेटांवर विखुरलेली यंत्रे रेडिओने जोडावयाची होती. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियम केला तो अगदी मोकळा : वाटेल तेव्हा बोला, पोच आली नाही तर टक्कर झाली असे समजा, वाटेल तितका वेळ थांबा आणि पुन्हा बोला. या मोकळिकीची किंमत गणिताने काढता येते. असंख्य बोलणारे असले तर माध्यमाच्या शक्तीपैकी फार तर १८ टक्के कामी येते. बाकी टकरींत आणि शांततेत जाते. घड्याळाचे ठोके ठरवून ठोक्यालाच बोलायचे असे बंधन घातले, तर हाच आकडा दुप्पट होऊन जवळजवळ ३७ टक्क्यांवर जातो. एवढेसे बंधन आणि दुप्पट लाभ!

पुढे १९७३ साली अमेरिकेत पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन-केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ईथरनेटची कल्पना मांडली. तिच्यात सभ्यता होती. आधी कान द्या. कोणी बोलत नसेल तर बोला. बोलताना टक्कर झाली तर लगेच थांबा आणि आपापला वेळ नशिबाने निवडून पुन्हा प्रयत्न करा. अध्यक्षावाचून चालणारी ही सुसंस्कृत माणसांची बैठक म्हणा. एका इमारतीत ती उत्तम चालली.

मग काचेचा धागा आला, आणि या सभ्य बैठकीची पंचाईत झाली. कशी ते पहा. आपले बोलणे संपण्यापूर्वीच टक्कर कानी आली, तरच थांबण्याला अर्थ. ईथरनेटचा प्रचलित वेग सेकंदाला १ कोटी बिट असताना सर्वांत लहान संदेश ५१२ बिटांचा ठरविला होता. तो पाठवावयास ५१ मायक्रोसेकंद लागत, आणि तेवढ्यात दोन-अडीच किलोमीटरच्या जाळ्यातली टक्कर ऐकू येई. आता वेग शंभरपट करा. तोच संदेश अर्ध्या मायक्रोसेकंदात संपतो. तेवढ्या वेळात प्रकाश काचेतून फार तर १०० मीटर जातो. म्हणजे ५० मीटर जाऊन परत येतो. शहर राहू द्या, आमची वाडीसुद्धा त्यात बसणार नाही! धाग्याची शक्ती जितकी वाढवावी तितके अंतर जाचू लागते. ज्याला आपण अतिवेगवान म्हणतो तो प्रकाश इथे उशीर करणारा ठरतो. हे मात्र खरोखर निसर्गाचे आहे, आणि ते कोणत्याही कंपनीला चुकविता येणार नाही.

यावर माणसाने तीन तऱ्हेची उत्तरे दिली. तिन्ही आपल्या ओळखीची आहेत.

पहिले उत्तर पाळीच्या बिल्ल्याचे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या समितीने प्रकाशतंतूचे एक जाळे आखले. ते एफडीडीआय या नावाने ओळखले जाते. त्याचा वेग सेकंदाला १० कोटी बिट होता. त्यात ५०० यंत्रे बसत आणि धाग्याची एकूण लांबी २०० किलोमीटरपर्यंत चाले. सारी यंत्रे एका कड्यात जोडलेली. कड्यातून 'टोकन' नावाचा एक बिल्ला फिरतो. बिल्ला हाती असेल त्याने बोलावे, संपले की पुढच्याकडे सोपवावा. टक्कर होण्याचा प्रश्नच उरला नाही.

पण मला विशेष वाटले ते पुढच्या दोन कलमांचे. बिल्ल्याची एक फेरी किती वेळात व्हावी, हे आधी ठरवावे लागते. प्रत्येक यंत्र आपापली निकड सांगते, आणि ज्याला सर्वांत कमी वेळ हवा असतो त्याचीच सूचना मान्य होते. म्हणजे मोठ्याचा शब्द चालत नाही, निकडीचा चालतो. दुसरे कलम असे : प्रत्येकाला हमीचा ठराविक वाटा असतो. बिल्ला उशिरा आला तरी तो वाटा मिळतोच. उशीर झाला म्हणून काट बसते ती हमीबाहेरच्या जास्तीच्या बोलण्याला. आणि बिल्ल्याला ठरल्या वेळेच्या दुपटीहून अधिक उशीर होऊच शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. करार लिहावा तर असा!

दुसरे उत्तर ऑस्ट्रेलियातून आले. पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठात जन्मलेली ही योजना १९९० साली अमेरिकेतील विद्युत-अभियंत्यांच्या संस्थेने शहरी जाळ्यासाठी मानक म्हणून स्वीकारली. तिचे नाव डीक्यूडीबी. कारकुनावाचून रांग लावणे, ही तिच्यामागची कल्पना. उलटसुलट दिशांनी वाहणारे दोन मार्ग असतात. त्यांवरून ५३ अष्टकांचे, म्हणजे ४२४ बिटांचे, रिकामे खाने एकामागून एक वाहत येतात. एका मार्गावर माल चढवावयाचा असेल तर दुसऱ्या मार्गाने वरच्या मंडळींना विनंती पाठवावयाची. प्रत्येक यंत्र आपल्यापाशी विनंत्यांची मोजदाद ठेवते, आणि खालच्यांच्या जितक्या विनंत्या आधी आल्या असतील तितके खाने रिकामे जाऊ देऊन मगच आपला खाना भरते. कोणी मुकादम नाही, बिल्ला नाही, तरी आधी आला त्याला आधी. कागदावर याहून न्याय्य काय असेल?

पण कागद आणि जमीन यांत अंतर असते, आणि इथे ते अंतर किलोमीटरांचे होते. प्रत्येकाने एका वेळी एकच विनंती पाठवावी असा नियम होता. समजा, प्रवाहाच्या मुखाशी बसलेल्या यंत्राने आधीच धडाक्याने खाने भरण्यास सुरुवात केली आहे, आणि २० किलोमीटरांवरच्या यंत्राला आता बोलावेसे वाटले. त्याची विनंती वर पोचावयास १०० मायक्रोसेकंद, आणि सोडलेला रिकामा खाना खाली यावयास आणखी १०० मायक्रोसेकंद. सेकंदाला १५ कोटी बिटांच्या वेगाने या अवधीत सुमारे ७० खाने निघून जातात, आणि ते सारे वरचा भरून टाकतो. लांबच्याच्या वाट्याला सत्तरांत एक!

आपल्यापैकी ज्यांनी नळाचे पाणी भरले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. गल्लीच्या तोंडाशी ज्याचे घर, त्याची पिंपे भरतात. टोकाच्या घरी धार करंगळीएवढी. नळ सर्वांना सारखाच, वेळही सारखीच, आणि नियम कोणी मोडलेला नाही. तरी अन्याय झाला, कारण नियमाने अंतर जमेस धरले नव्हते. याची जाणीव होताच संशोधकांनी दुरुस्ती सुचविली. प्रत्येकाने ठराविक संख्येने खाने भरले की एक रिकामा खाना आपणहून पुढे जाऊ द्यावा. सर्वांनीच थोडे सोडले की सोडलेले वाहत वाहत टोकापर्यंत पोचते आणि वाटे समान होत जातात. माध्यमाची थोडी शक्ती त्यात रिकामी जाते खरी. पण समानतेसाठी तेवढी किंमत द्यावी असे त्यांनी ठरविले.

ही दोन्ही जाळी पुढे मागे पडली. नव्वदीच्या दशकात प्रत्येक यंत्राला स्वतंत्र तार देणारे स्विच स्वस्त झाले. ज्याला त्याला स्वतंत्र नळ मिळाल्यावर नळावरची पाळी कशाला हवी? कचेऱ्यांतून हा प्रश्न असा मिटला. पण गावातल्या प्रत्येक घरासाठी केंद्रापासून स्वतंत्र धागा ओढणे महाग पडते. म्हणून घरांच्या बाबतीत सामाईक धागा पुन्हा आला, आणि त्याबरोबर पाळीही आली. हेच तिसरे उत्तर, आणि आपल्या वाडीतले जाळे याच जातीचे असते.

याची रचना समजण्यास सोपी आहे. केंद्रातून एक धागा निघतो. वाटेत खांबावर किंवा पेटीत एक स्प्लिटर असतो. त्याला वीज लागत नाही. तो प्रकाश नुसता विभागतो आणि ३२ किंवा ६४ घरांकडे धाडतो. ईपॉन हे त्याचे एक मानक २००४ सालचे. जीपॉन हे दुसरे, २००३ सालापासूनचे. आपल्याकडे खेडोपाडी ग्रामपंचायतींना जोडण्यासाठी २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेत तेच वापरले गेले.

केंद्राकडून घरांकडे येताना बोलणारा एकच असतो, म्हणून टक्कर नाही. सर्वांचे संदेश सर्वांकडे येतात, आणि घरची पेटी आपला तेवढा घेते. घरांकडून केंद्राकडे जाताना मात्र बत्तीस जणांचा प्रकाश एकाच धाग्यात शिरतो. आणि स्प्लिटरची घडण अशी, की एका घराचा प्रकाश केंद्राकडेच जातो, शेजारच्या घराकडे जात नाही. शेजारी शेजाऱ्याला ऐकूच शकत नाही! 'आधी कान द्या' हा सभ्य नियम इथे मुळातच लागू पडत नाही.

म्हणून इथे मुकादम आला. केंद्रातील यंत्र प्रथम प्रत्येक घराचे अंतर मोजते. संदेश जाऊन उत्तर यावयास किती मायक्रोसेकंद लागले, यावरून ते कळते. मग जीपॉनमध्ये ते जवळच्या घराला सांगते, तू थोडे थांबून बोल. लांबच्याला सांगते, तू कमी थांब. हा हिशेब असा जुळवितात की केंद्राच्या दृष्टीने सारी घरे सारख्याच अंतरावर येतात. ऑस्ट्रेलियातील योजनेत जी खोट राहिली होती, ती इथे पायातच काढून टाकली. नंतर प्रत्येक पेटी केंद्राला कळविते की माझ्यापाशी इतका माल साठला आहे. आणि केंद्र उत्तर देते की अमुक क्षणी सुरू कर, अमुक क्षणी थांब. सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाची एक चौकट, आणि तिच्यात प्रत्येकाची जागा आखलेली.

मुकादम म्हटले की माझ्या पिढीला गोदी आठवते. एके काळी गोदीच्या दारात माणसे गर्दी करीत आणि मुकादम बोट दाखवील त्यालाच त्या दिवशी काम मिळे. १९४८ साली गोदी-कामगारांच्या रोजगाराच्या नियमनाचा कायदा झाला. त्याखालच्या योजनांमुळे नोंदणी आली, पाळीने काम आले आणि किमान मिळकतीची हमी आली. काम वाटणारा कोणीतरी राहिलाच, पण त्याच्या मर्जीच्या जागी नोंदवही आली. तेव्हा वाटणारा असणे हा दोष नव्हे. तो कोणत्या वहीप्रमाणे वाटतो आणि ती वही कोणाला पाहावयास मिळते, एवढाच प्रश्न असतो.

आणि इथेच मला आमच्या वाडीच्या तक्रारीचे मूळ दिसू लागले. बोलण्याची भाषा, चौकटी, अंतराची मोजणी हे सारे मानकात बारकाईने लिहिले आहे. पण कोणाला किती द्यावयाचे, त्याची नेमकी रीत मानकाने बांधून दिलेली नाही. ती यंत्र बनविणाऱ्यावर आणि चालविणाऱ्यावर सोडली आहे. संशोधकांनी रीती सुचविल्या आहेत. ग्लेन क्रेमर, बिश्वनाथ मुखर्जी आदींनी २००२ साली एक रीत मांडली : एकाचा माल येत असतानाच पुढच्याला हाक द्यावयाची, म्हणजे वेळ फुकट जात नाही. मागेल तेवढे द्यावे की मागणीवर कमाल मर्यादा घालावी, याचाही त्यांनी विचार केला. मर्यादा नसेल तर एक खादाड घर बाकीच्यांना ताटकळत ठेवू शकते.

जीपॉनच्या मानकात वाट्यांचे पाच प्रकार केले आहेत. पहिला कायमचा राखून ठेवलेला. वापरा वा न वापरा, तो तुमचाच. दुसरा हमीचा, मागाल तेव्हा मिळणारच. तिसऱ्यात हमी आणि तिच्यावर शिल्लक असल्यास जास्ती. चौथ्यात हमी काहीच नाही, उरलेसुरले वाटून घ्यावयाचे. पाचवा म्हणजे या सर्वांचे मिश्रण. आमच्या भाषेत कायम कामगार, हमीचा कामगार आणि बदली कामगार! आता माझ्या घराला यांपैकी कोणत्या प्रकारात घातले आहे, हे प्रकाशाचा वेग ठरवीत नाही, की काचेची शुद्धताही ठरवीत नाही. ते कचेरीत बसलेला माणूस ठरवितो. केंद्राकडून घरांकडे येताना कोणाचा माल आधी धाडावयाचा, हेही तोच ठरवितो.

थोडा हिशेब करू. जीपॉनचा केंद्राकडून येणारा वेग सेकंदाला सुमारे २४८८ मेगाबिट आणि घरांकडून जाणारा १२४४. व्यवस्थेचा खर्च सोडून दिला, तरी बत्तीस घरांत वाटल्यावर येण्याचे ७७ आणि जाण्याचे ३८ पडतात. घरे चौसष्ट असली तर त्याचे निम्मे. मग प्रत्येकाला '३०० पर्यंत' असे कसे विकतात? सर्वजण एकदम मागणार नाहीत, या अंदाजावर. हा अंदाज खोटेपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. खानावळीत पाने चाळीस आणि सभासद शंभर असतातच. रिकामी जागा पडून राहण्यापेक्षा ती कामी येणे बरे. आणि रात्री नऊचा खोळंबा कित्येकदा आपल्या धाग्यावर नसतो, केंद्राच्या पलीकडे कंपनीने घेतलेल्या वाटेवर असतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझा आक्षेप एका शब्दाला आहे, आणि तो शब्द म्हणजे 'पर्यंत'. 'पर्यंत' ही कमाल मर्यादा झाली. किमान किती, ते कोठे लिहिले आहे? 'महिन्याला वीस हजारांपर्यंत पगार' या शब्दांवर कोणता कामगार सही करील? सरकारी व्याख्येने २०२३ सालापासून ब्रॉडबँड म्हणवून घेण्यास किमान २ मेगाबिट पुरतात. जाहिरातीतले ३०० आणि व्याख्येतले २, यांच्यामधल्या मोकळ्या मैदानात ग्राहक उभा आहे.

म्हणून आमच्या वाडीने घरोघर भांडण्याऐवजी एकत्र पत्र लिहिले आणि तीन प्रश्न विचारले. आमच्या एका धाग्यावर किती घरे आहेत? गर्दीच्या वेळी प्रत्येक घराला किमान किती मिळेल? आणि खोळंबा धाग्यावर आहे की केंद्राच्या पलीकडे? पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसऱ्यावर एकवीस घरांच्या सह्या होत्या आणि रोज रात्री नऊ वाजता मोजलेल्या वेगाचा पंधरा दिवसांचा तक्ता जोडला होता. तेव्हा माणूस आला. आमची घरे चौसष्टांच्या स्प्लिटरवर होती. ती दोन धाग्यांत वाटली गेली. रात्रीचा खोळंबा पुष्कळ कमी झाला, नाहीसा झाला नाही. किमान किती, या प्रश्नाचे लेखी उत्तर अद्याप मिळावयाचे आहे, आणि तिसऱ्या पत्राचा मसुदा माझ्या खिशात आहे.

या विषयाने मला एक गोष्ट शिकविली. सामाईक वस्तूची वाटणी करताना मोकळीक पुरत नाही, सभ्यता पुरत नाही, आणि नुसता समान नियमही पुरत नाही. लांब बसलेल्याचे अंतर मोजावे लागते आणि किमान हमी लिहून द्यावी लागते. यंत्रे घडविणाऱ्यांनी हे चाळीसएक वर्षांत चुकत-माकत शिकून घेतले आणि आपल्या मानकांत हमीची कलमे घातली. ती कलमे यंत्रात तयार आहेत. ती आपल्या करारपत्रात यावीत, एवढेच मागावयाचे आहे, आणि ते मागावयास इंजिनियर व्हावे लागत नाही.

 प्रश्न असतील तर अवश्य विचारा. मात्र अध्यक्षांची परवानगी घेऊन, एकामागून एक.